रॉजर शर्मन : तडजोडीचे मोल

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली की वॉशिंग्टन, जेफर्सन, फ्रँकलिन ही नावे सुशिक्षितांच्या ओठी सहज येतात. रॉजर शर्मन हे नाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. परंतु १७७४ चा व्यापारबहिष्काराचा ठराव, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, त्यानंतरचा संघाचा पहिला करारनामा आणि १७८७ ची राज्यघटना या चारही लेखांवर ज्याची सही आहे, असा पुरुष हा एकटाच होय.

शर्मनचा जन्म १७२१ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. तरुणपणी त्याने जोडे शिवून पोट भरले. कॉलेजची पायरी तो चढला नाही. जे शिकला ते स्वतःच वाचून शिकला. १७४३ साली कनेक्टिकटमध्ये आल्यावर त्याने दुकान चालविले, जमिनींची मोजणी केली, स्वतः गणित करून पंचांगे छापली आणि १७५४ साली वकिलीची सनद मिळविली. पुढे न्यायाधीश व कायदेमंडळाचा सभासद म्हणून त्याचा लौकिक झाला. वक्तृत्व त्याच्या वाट्यास आले नव्हते. शहाणपण मात्र भरपूर आले होते.

घटना बनविण्यासाठी फिलाडेल्फिया येथे सभा भरली, तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येप्रमाणे मते द्या. लहान राज्ये म्हणत, प्रत्येक राज्यास सारखे मत द्या. १७९० च्या शिरगणतीत व्हर्जिनियाची वस्ती सुमारे साडेसात लाख, तर डेलावेअरची साठ हजारांच्याही आत भरली. यावरून लहानांची धास्ती ध्यानात येईल. ११ जून रोजी शर्मनने सुचविले की, एका सभागृहात लोकसंख्या धरावी आणि दुसऱ्यात राज्याराज्यांस समान मत द्यावे. त्या दिवशी सूचना फेटाळली गेली. पण महिनाभराच्या भांडणानंतर, १६ जुलै रोजी, तीच पाच विरुद्ध चार मतांनी मान्य झाली. ती मान्य न होती तर सभा मोडण्याचाच रंग होता.

येथवर शर्मनचे कौतुक करावयास कोणाचीच हरकत नसावी. परंतु त्याच सभेत गुलामांच्या व्यापाराचा प्रश्न निघाला. हा व्यापार शर्मनला पसंत नव्हता, आणि तसे तो २२ ऑगस्ट रोजी उघड बोलला. तरीही घटनेस शक्य तितके थोडे आक्षेप यावेत म्हणून, हे प्रकरण आहे तसेच राहू द्यावे, असा त्याने सल्ला दिला. गुलामगिरी हळूहळू आपोआप नाहीशी होईल, असा त्याचा भरवसा होता. तो अगदीच निराधार नव्हता. कनेक्टिकटचे कायदे सुधारण्याचे काम त्याच्याकडे असतानाच, १७८४ पासून पुढे जन्मणाऱ्या गुलामांच्या मुलांना पंचविसाव्या वर्षी मुक्त करण्याचा नियम तेथे झाला होता. पण दक्षिणेत उलटेच घडले. १७९० साली देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली ते एकोणचाळीस लाखांवर गेले. तो हिशेब १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात रक्ताने चुकता करावा लागला. हे पाहावयास शर्मन उरला नव्हता. १७९३ साली, सेनेटचा सभासद असतानाच, तो वारला होता.

मग तडजोड वाईट म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. दोन्ही तडजोडी एकाच सभेने केल्या, परंतु त्यांत एक मोठा भेद आहे. पहिलीत व्हर्जिनिया व डेलावेअर दोघेही समोरासमोर बसले होते, आणि प्रत्येकाने आपल्या पदरचे काही सोडले. दुसरीत ज्याचे सर्वस्व सोडले गेले, तो गुलाम त्या दालनात नव्हताच. स्वतःचा हक्क सोडून केलेली तडजोड हे औदार्य होय. दुसऱ्याचा हक्क सोडून केलेली तडजोड हे कर्ज होय, आणि ते पुढच्या पिढ्यांस व्याजासह फेडावे लागते. शर्मनसारखा सज्जनही हा भेद विसरला. म्हणूनच, सभांत आणि संसारात नित्य तडजोडी करणाऱ्या आपणां सर्वांस त्याचे चरित्र अभ्यसनीय वाटावे.