परकोटाबाहेरची यादी

आमच्या चंद्रपूरचे दरवाजे किती, असे वर्गात विचारले की मुले घडाघडा म्हणतात : जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर, पठाणपुरा. पण हे दरवाजे राखतो कोण, म्हटले की वर्ग चिडीचूप!

गोंडराजांचा सुमारे ११ किलोमीटरांचा परकोट एके काळी गाव राखीत असे. आता त्यालाच राखावे लागते. तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा संरक्षित वारसा. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार अशा वास्तूभोवती १०० मीटरांत नव्या बांधकामास बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट आहे. तरी भिंतीवरची झाडेझुडपे कायद्याने थोडीच उपटली जातात? २०१७ साली इको-प्रोच्या तरुणांनी ती हातांनी उपटली.

परकोटाचे नाव निदान यादीत तरी होते. आमच्या शेजारचा सागवानी वाडा कोणत्याच यादीत नव्हता. गेल्या उन्हाळ्यात चार दिवसांत तो जमीनदोस्त झाला. मालकाला तरी दोष कसा द्यावा? डागडुजी त्याला झेपत नव्हती.

असे वाडे स्थानिक संस्थेनेच जपायचे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात तशी तरतूद करता येते. मुंबईने १९९५ पासून नियमावली करून वास्तूंच्या तीन श्रेणी ठरविल्या. मोडतोडीआधी तेथे परवानगी लागते.

म्हणून यंदा मुलांना दिवाळीचा अभ्यास एकच दिला आहे : आपल्या आळीतील जुन्या वास्तूंची यादी. सुट्टी संपली की ती घेऊन मी महापालिकेची पायरी चढणार आहे.