घाटवाटा आणि आडवाटा

इतिहासाची आपली ओळख बहुधा किल्ल्यांवरून होते, लढायांवरून होते, राजांच्या नावांवरून होते. ते योग्यच आहे. परंतु किल्ला बांधला तो कशाच्या राखणीसाठी, लढाई त्याच खिंडीत का झाली, आणि अमुक एक गाव भरभराटीस येऊन शेजारचे गाव ओस का पडले, असे प्रश्न विचारू लागलो की उत्तर पुष्कळदा एकाच ठिकाणी येऊन थांबते. ते ठिकाण म्हणजे वाट. कोणती वाट चालती होती आणि कोणती मोडली होती, यावर महाराष्ट्राच्या इतिहासाचा फार मोठा भाग उभा आहे. म्हणून या व्याख्यानासाठी आम्ही राजांऐवजी वाटसरूंचा विषय घेतला आहे. नेहमीचा रस्ता खराब झाला की माणसे काय करतात, दुसरी वाट कशी निवडतात, आणि त्या निवडीची किंमत कोण देतो, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे.

आपल्या प्रांतात हा प्रश्न इतका तीव्र का, हे सांगावयास फार विद्वत्तेची गरज नाही. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस देश, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. मीठ, नारळ, सुकी मासळी खाली. धान्य, कापूस, गूळ वर. या दोन मुलखांना एकमेकांवाचून करमत नाही, आणि भिंत तर उभी आहे. तेव्हा भिंतीला जिथे जिथे खाच सापडली तिथे तिथे माणसाने घाट पाडला. त्यांतला एक बंद झाला की दुसऱ्याकडे वळायचे, ही इथली दोन हजार वर्षांची रीत आहे.

नाणेघाटापासून आरंभ करू. जुन्नरहून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी ही वाट सातवाहनांच्या काळी चालती होती. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, आणि वाटेच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीचा रांजण, असे लोक परंपरेने मानत आले आहेत. पैठणच्या व्यापाऱ्याला समुद्र गाठण्यास हीच वाट जवळची. असे असूनही इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक प्रवासग्रंथ, ज्याला आपण ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखतो, निराळीच हकीगत सांगतो. पैठणचा अकीक आणि तगरचे, म्हणजे आजच्या तेरचे, कापड गाड्यांत भरून थेट भडोचला नेत. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या मजलेवर, आणि तेर त्याच्याही पलीकडे दहा दिवसांवर. वाटेत रस्ता नसलेले मोठमोठे प्रदेश, असेही तो ग्रंथकार नमूद करतो.

जवळचे कल्याण सोडून माणसे एवढा फेरा का घेत होती? त्याच ग्रंथात उत्तर आहे. कल्याण बंदराची तेव्हा राजकीय कोंडी झाली होती. तिथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. घाट जागच्या जागी होता, पण तो जिथे उतरत होता तिथे व्यापार सुरक्षित राहिला नव्हता. रस्त्याचे अंतर कोसांत मोजतात हे अर्धेच खरे. जोखीम, वेळ आणि भरवसा या मापांनीही ते मोजावे लागते. वीस दिवसांचा खडतर प्रवास त्या व्यापाऱ्याला जवळच्या पण बेभरवशाच्या वाटेपेक्षा स्वस्त वाटला, आणि त्याचा हिशेब चुकला होता असे आम्हांस वाटत नाही.

पण आडवाट निवडणाऱ्याचा हिशेब नेहमीच बरोबर येतो असेही नाही. याचे उत्तम उदाहरण शिवकालात सापडते. १६६१ सालच्या फेब्रुवारीत शायिस्तेखानाचा सरदार कारतलबखान कोकणात उतरावयास निघाला. सरळ बोरघाटाने गेलो तर मराठ्यांना सुगावा लागेल, या विचाराने त्याने लोणावळ्याजवळची कुरवंड्याची वाट धरली आणि तो उंबरखिंडीत शिरला. दाट अरण्य, अरुंद नळी, पाणी नाही. पुढे वाट अडलेली आणि मागे परतण्यासही वाव नाही. शिवाजी महाराजांनी त्याला आत येऊ दिले होते. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने त्याला शरण जावे लागले. फौज मोठी होती, खजिना होता, शस्त्रे होती. ठाऊक नव्हती ती फक्त वाट. आडवाट ही तिच्याशी परिचय असणाऱ्याची मैत्रीण, आणि परक्याची वैरीण.

महाराजांना हे पुरते ठाऊक होते. १६५६ साली जावळी घेतल्यावर त्यांनी प्रतापगड बांधला, तो पारघाटावर नजर ठेवण्यासाठी. घाट ज्याच्या हाती, कोकण त्याच्या हाती, हा त्यामागचा विचार. आणि एकाच वाटेवर विसंबणाऱ्याची गत काय होते, ते पुढे मराठ्यांनी इंग्रजांना दाखविले. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. तोफा आणि रसदीचे बैल यांच्या भाराने ती अतिशय मंदगतीने सरकत होती. मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून टाकला व मागची रसद तोडली. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना मान खाली घालून तह करावा लागला. दुसरी वाट नसणे हा त्या पराभवातला एक मोठा धागा आहे.

या सर्व काळात वाटांचा खरा धनी मात्र कोणी राजा नव्हता. तो होता पाऊस. देशावरची काळी जमीन पावसात फुगते आणि चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. कोकणात तर नद्यांना पूर, घाटांत दरडी, आणि समुद्र खवळल्यामुळे गलबतेही किनाऱ्याला ओढलेली. म्हणून फौजा चार महिने छावणीत राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करीत. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून कोरड्या ऋतूत फिरत. चाकाला जो घाट चढत नाही तो बैलाच्या खुराला चढतो, हे त्या तांड्यांचे साधे शास्त्र होते. आपल्या पूर्वजांनी खराब रस्त्यावर काढलेला पहिला तोडगा म्हणजे पंचांग पाहून प्रवास करणे, हा होय.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीचा रस्ता खुला झाला. पुढे लोहमार्ग आला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण खोपोली ते खंडाळा हा मधला चढ प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टावरून पार करावा लागे. १८६३ साली पंचवीस बोगदे खणून ही तूट भरून काढण्यात आली. त्या कामात हजारो मजुरांनी घाम गाळला आणि कित्येकांनी रोगराईने व अपघाताने प्राण गमावले. आगगाडीने आपण आज सुखाने घाट चढतो तेव्हा हे ऋण स्मरणात असावे.

या सुधारणेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक वाट पक्की झाली, आणि तिच्या शेजारच्या दहा वाटा सुकल्या. नाणेघाटाकडे मालाचा ओघ उरला नाही. जुन्या घाटांच्या माथ्यावरची धर्मशाळा, टाके, पार यांकडे पाहणारे कोणी राहिले नाही. दक्षिण कोकण तर बाजूलाच पडले. तिथे समुद्र हाच हमरस्ता होता. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटींनी चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या गावी गेले, आणि पावसाळ्यात ती वाटही बंद होई. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ऐन पावसातला तो प्रवास होता. पर्याय नसलेला माणूस धोका ओळखूनही पाऊल टाकतो, हे त्या दिवसाने फार कठोरपणे शिकविले.

रस्ते ही कोणाची जबाबदारी, हा प्रश्न या शतकाआधीच ऐरणीवर आला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा मान एका महाराष्ट्रीय पुढाऱ्याकडे जातो. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. मोटारींची वाढ पाहता रस्त्यांचा भार एकट्या स्थानिक संस्थांना पेलवणारा नाही, तो देशाचा प्रश्न आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला. जो रस्ता झिजवतो त्याने रस्त्याला द्यावे, हे तत्त्व तेव्हा रुजले. १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय मार्गापासून खेडेगावच्या रस्त्यापर्यंत सर्वांची प्रतवारी लावली. म्हणजे जो कर आपण इंधनामागे भरतो त्यात चांगल्या रस्त्याचे एक जुने वचन दडलेले आहे. नागरिकांनी त्याची आठवण देत राहिले पाहिजे.

आता आपल्या काळाकडे वळू. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि शतकाची प्रतीक्षा संपली. पण मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. गणपतीस गावी जाणाऱ्यांनी खड्ड्यांत गाडी आपटवीत किती रात्री काढल्या, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. अशा वेळी लोकांनी काय केले? दोन हजार वर्षांपूर्वी पैठणच्या व्यापाऱ्याने केले तेच. त्यांनी फेरा घेतला. द्रुतगती मार्गाने पुणे गाठायचे, साताऱ्याकडे जायचे, आणि आपापला घाट पाहून खाली उतरायचे. माणगावला ताम्हिणीने, महाडला भोरहून वरंध्याने, चिपळूणला उंब्रज-पाटणवरून कुंभार्लीने, रत्नागिरीला आंबा घाटाने, राजापूरला अणुस्कुऱ्याने, कणकवलीला फोंड्याने, सावंतवाडीला आंबोलीने. मुंबईहून चिपळूणला असे गेल्यास शंभर किलोमीटरांहून अधिक वाट वाढते, इंधन वाढते. तरी माणसे ती पत्करतात, कारण केव्हा पोहोचू याचा अदमास लागतो.

पण ज्या घाटांवर हा भार येतो ते त्यासाठी तयार असतात काय? रस्त्याचा खरा शत्रू पाणी. डांबराला भेग पडते, तीतून पाणी खडीच्या थरात मुरते, वरून चाकाचा दाब येतो, आणि भेगेचा खड्डा होतो. घाटात तर वरच्या डोंगराचे पाणी गटारातून आणि मोऱ्यांतून वाहून न्यावे लागते. मोरी तुंबली की रस्त्याचा ओढा होतो आणि दरीकडची कड खचते. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस माणसे मृत्युमुखी पडली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत अनेक घाट एकाच वेळी बंद पडले, आणि महाड-चिपळूणकडे मदत नेणेही कठीण झाले. मुख्य रस्ता पाण्याखाली आणि पर्यायी रस्ता दरडीखाली, अशी ती कोंडी होती.

याच्या उलट एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह नाहीशी झाली. तो घाव भरून येणारा नाही. पण शेजारी दुसरा, अलीकडच्या काळातला पूल उभा होता, म्हणून कोकणची वाट पुरती तुटली नाही. आणि जून २०१७ मध्ये नवा पूलही खुला झाला. दुसरा पूल ही चैन नव्हे, ती गरज आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. सरळ रस्ता उत्तम झालाच पाहिजे. त्याबद्दल दुमत नाही. परंतु प्रांताची ताकद त्याच्या सर्वांत चांगल्या रस्त्यावरून ओळखू नये. मोठा रस्ता बंद पडल्यावर उरणाऱ्या रस्त्यावरून ओळखावी. द्रुतगती मार्गाचे उद्घाटन होते, त्याची छायाचित्रे छापून येतात. वरंध्याच्या मोरीतला गाळ वेळेवर निघाला, याचा समारंभ होत नाही. तो गाळ मृगापूर्वी काढला गेला की नाही, हे विचारणारे नागरिक हवेत. आणि प्रवाशानेही दुसरी वाट धरण्यापूर्वी हातातल्या नकाशावर सर्वस्वी विसंबू नये. घाट सुरू आहे काय, अवजड वाहनांस मनाई आहे काय, पाऊस कसा आहे, हे पायथ्याच्या गावात विचारावे, आणि शक्यतो उजेडी उतरावे. कारतलबखानाजवळ सर्व काही होते. विचारावयास भरवशाचे माणूस नव्हते.

नाणेघाटातला तो रांजण आज रिकामा आहे. त्यात पडलेल्या जकातीतून घाटाची डागडुजी होत होती की नाही, याचा दाखला दगड देत नाही. आपण भरतो त्या कराचे तसे नाही. त्याचा हिशेब मागता येतो, आणि तो मागणे हे आपले काम आहे.