धबधबा, तंबू आणि फोर्डची गाडी

कॅम्पर व्हॅनची रील्स बघता ना? धबधब्याशेजारी गाडी उभी, मागचं दार उघडलं की चहा तयार. ही हौस किती जुनी आहे, सांगू? चला, ऑगस्ट १९१८ मध्ये, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात.

तिथे मडी क्रीक नावाचा ओढा सुमारे ५३ फुटांवरून खाली कोसळतो. त्याच्याशेजारी चौघांनी मुक्काम ठोकला होता: विजेच्या दिव्याचे थॉमस एडिसन, मोटारवाले हेन्री फोर्ड, टायरवाले हार्वी फायरस्टोन आणि ८१ वर्षांचे निसर्गलेखक जॉन बरोज. स्वतःला ते ‘व्हॅगाबाँड्स’ म्हणायचे, म्हणजे भटके.

आता, भटके कसले! सोबत गाड्यांचा ताफा, आचारी, मदतनीस. तंबूत एडिसनच्या बॅटरीवर चालणारे दिवे. पुढच्या सहलींत तर चाकांवरचं स्वयंपाकघरच आलं. त्यात पेट्रोलवर चालणारी शेगडी आणि बर्फाची पेटी. आजच्या मोटरहोमचं आजोबाच समजा.

पण या गोष्टीतला खरा माणूस म्हणजे बरोज. मोटारीमुळे लोक निसर्ग बघायचं विसरतील, अशी टीका ते करायचे. फोर्डनं काय केलं? वाद नाही घातला. १९१३ मध्ये त्यांना एक मॉडेल टी भेट म्हणून पाठवून दिली! म्हातारबुवा गाडी शिकले, एकदा तर कोठाराची भिंत फोडून बाहेर पडले. आणि हळूहळू त्यांना गाडी आवडायला लागली. ज्या रानात पायी जायला आता अंग साथ देत नव्हतं, तिथे ती त्यांना नेत होती.

म्हणजे फोर्ड जिंकले? थांबा.

या सहलींचे फोटो पेपरात छापून यायचे, फोर्डचे कॅमेरेवाले फिल्म काढायचे. गाडी घ्या आणि रानात चला, अशी ती फुकटची जाहिरातच होती. १९०८ मध्ये ८५० डॉलरची मॉडेल टी १९२५ पर्यंत ३०० डॉलरच्या आत आली. साधी माणसंही तंबू बांधून निघाली.

मार्च १९२१ मध्ये बरोज गेले. त्याच उन्हाळ्यात बाकीचे पुन्हा मेरिलँडला आले. या वेळी राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही एका मुक्कामाला येऊन गेले, आणि मागोमाग पत्रकारांची फौज. मडी क्रीकवर मंडळी पुन्हा राहिली, पण आता निवांतपणा मिळणं अवघड झालं होतं. जातील तिथे बघ्यांची गर्दी. १९२४ नंतर या सहली बंदच झाल्या. ज्या गाडीनं त्यांना शांततेपर्यंत नेलं, तिनंच गर्दीलाही तिथवर आणलं. बरोजची भीती अगदीच खोटी नव्हती.

तो धबधबा आज स्वॅलो फॉल्स राज्य उद्यानात आहे. आजूबाजूला ३०० वर्षांहून जुनी झाडं अजून उभी आहेत. गाडी मात्र पार्किंगमध्ये ठेवायची आणि पाण्यापर्यंत चालत जायचं. बरोजना हा नियम नक्की आवडला असता.

तुम्ही पुढच्या वेळी धबधब्यावर जाल, तेव्हा गाडी जरा लांबच लावा. भेटू पुढच्या भागात!