कोरा कागद

साठी उलटल्यावर मी जलरंगांची पेटी घरी आणली तेव्हा नात खुदकन हसली. “आजोबा, ही माझ्यासाठी ना?” “नाही ग, माझ्यासाठीच,” हे उत्तर देताना मीच ओशाळलो. शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी माझा आंबा साऱ्या वर्गाला उंच धरून दाखवला होता आणि वर्ग पोट धरधरून हसला होता. त्या दिवशी खाली ठेवलेला कुंचला पन्नास वर्षांनी हाती येत होता.

पहिल्याच रविवारी ओंकारेश्वरापाशी मुठेच्या काठी जाऊन बसलो. आभाळाचा निळा ओला असतानाच झाडांचा हिरवा लावला. तो भराभरा आभाळात पसरला. पुसायला गेलो तर कागदाचा भुगा निघाला. वर पांढरा फासला, तर तेथे राखेसारखा डाग उरला. निमूटपणे घरी परतलो आणि, हात चालेना तेव्हा माणूस करतो तेच केले: पुस्तके काढून बसलो.

रंगाची वडी फारशी जुनी नाही. पूर्वी चित्रकार रंगाची पूड डिंकाच्या पाण्यात स्वतः खलीत. सुमारे १७८० साली लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी तिच्या घट्ट वड्या पाडल्या. पुढे १८३५ च्या सुमारास विन्सर आणि न्यूटन यांनी ग्लिसरीन घालून रंग ओलसर ठेवले. रंगशाळा खिशात आली आणि माझ्यासारख्या हौशी माणसांची सोय झाली.

पण मला धीर दिला तो आपल्या पुण्याच्या एका चित्रकाराने. गंगाराम चिंतामण तांबट हे त्याचे नाव. सर चार्ल्स मॅलेट १७८६ साली पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून आला. त्याच्यासाठी गंगाराम चित्रे काढी. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० साली रंगवला. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला आणि पेशव्यांच्या आश्रयाने येथे चित्रशाळा निघाली. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ चे. म्हणजे ही त्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधीची गोष्ट. वेरुळच्या लेण्यांची चित्रेही गंगारामने काढली. त्याची कितीतरी चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

त्या गेंड्याची छापील प्रत मी बराच वेळ पाहत बसलो. आपल्या जुन्या चित्रांत रंगाला अंग असते. एक थर चुकला तर त्यावर दुसरा दाट थर चढवता येतो. इंग्रजी पद्धतीच्या पातळ रंगाचे तसे नाही. तेथे उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. तो आधीच ओळखून सोडावा लागतो. गेंड्याच्या चित्रात पातळ आणि दाट असे दोन्ही रंग आहेत. एका रीतीत हात मुरलेला माणूस दुसऱ्या रीतीच्या उंबरठ्यावर उभा आहे, असे मला वाटले. मुरलेल्या हाताने पुन्हा विद्यार्थी व्हायचे, हे माझ्या कोऱ्या हाताच्या धडपडीपेक्षा खासच अवघड!

माझा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला. तेथे चूक खरवडायची नसते. तिच्यावर रेघ मारून शेजारी सही करायची असते. जलरंगाचा कायदा याहून निराळा नाही, एवढे उमजायला मला एक आभाळ नासावे लागले.

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच पायरीवर बसलो. देवळाचे शिखर रंगवलेच नाही, भोवतीचे आभाळ तेवढे रंगवले. शिखर आपोआप उजळले. डावीकडे निळ्याचा एक ओघळ खाली नदीपर्यंत गेला. तो तसाच राहू दिला आणि खाली तारीख घातली. चित्र पाहून नात म्हणाली, “पाऊस छान आलाय.” मी तिला दुरुस्त केले नाही.