पाप कोणाचे? ओमानी इबादींचा एक जुना वाद

ईश्वराला सगळे आधीच ठाऊक आहे, तर पापाचा जाब माणसाला का? इस्लामच्या ज्या इबादी पंथाने ओमानात मूळ धरले, त्याच्यात या प्रश्नावरून फूट पडली ती ओमानात नव्हे, इराकमधल्या बसऱ्यात. ८व्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या इबादींचे प्रमुख होते अबू उबैदा मुस्लिम इब्न अबी करीमा. त्यांच्याकडे शिकलेली माणसेच पुढे ओमानात प्रचाराला गेली. माणूस आपल्या कर्माचा स्वतंत्र कर्ता आहे असे म्हणणाऱ्या हम्जा अल-कूफी आणि अतिया यांना अबू उबैदांनी पंथाबाहेर काढले, असे इबादी चरित्रकोश सांगतात.

माणसालाच कर्माचा कर्ता मानणाऱ्या मुअतझिला पंथाचे आद्य आचार्य वासिल इब्न अता यांच्याशी झालेली अबू उबैदांची गाठही याच कोशांत आहे. ईश्वर विधिलिखितासाठी शिक्षा करतो असे म्हणणारे तुम्हीच का, असे वासिलांनी विचारले. अबू उबैदांनी फरक दाखवला: शिक्षा लिहिण्याबद्दल नाही, जे कर्म लिहिले गेले आणि माणसाने केले त्याबद्दल. मग त्यांनी उलट विचारले, तुमच्या मते ईश्वराची इच्छा नसताना त्याची अवज्ञा होते ना? वासिल निरुत्तर झाले. भेट घडली असेलही, पण वासिल वारले ७४८ च्या सुमारास आणि हे लिहिणारे दर्जीनी १३व्या शतकातले, शिवाय इबादीच. आपला गुरू हरल्याची हकीकत कोण जपून ठेवतो?

म्हणून मला कूफ्यातले एक दुकान जास्त भरवशाचे वाटते. इबादी अब्दुल्ला इब्न यझीद अल-फझारी आणि शिया पंडित हिशाम इब्न अल-हकम त्यात भागीदार होते, हे १०व्या शतकातले मसऊदी नोंदवतात. मसऊदी इबादी नव्हते. फझारींना मोठे करण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. सुन्नी धर्मशास्त्री अशअरी यांच्या ग्रंथाप्रमाणे हिशामांचे मत असे की, माणूस काय करील हे ईश्वराला अनादि काळापासून ठाऊक असते, तर त्याची परीक्षा पाहण्यात अर्थच उरला नसता. अर्थात हेही विरोधकाच्या लेखणीतून आलेले. फझारींची बाजू मात्र त्यांच्याच शब्दांत वाचता येते. विधिलिखितावरचा त्यांचा ग्रंथ अल्जीरियातल्या इबादींच्या हस्तलिखितांत टिकला आणि ओमानचे अब्दुलरहमान अल-सालिमी व विल्फर्ड माडेलुंग यांनी तो इतर पाच ग्रंथांसह २०१४ मध्ये छापला. त्यात ते माणसाला कर्माचा निर्माता मानणाऱ्यांचा प्रतिवाद करतात.

ओमानात हेच मत रुजले: कर्म ईश्वर निर्माण करतो, माणूस ते आपल्या निवडीने कमावतो, आणि ईश्वराला ठाऊक असणे म्हणजे त्याने भाग पाडणे नव्हे. ते पद्यात बांधून त्यावर विस्तृत भाष्य लिहिणारे नूरुद्दीन अल-सालिमी अंध होते. १९१३ मध्ये तनूफ इथे सालिम इब्न राशिद अल-खरूसी यांना इमाम, म्हणजे धार्मिक व राजकीय प्रमुख, निवडण्यामागे मुख्य हात त्यांचाच. कोण निवडला जाणार हे ईश्वराला ठाऊकच होते, असे त्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे म्हणावे लागते. तरी ती निवड घडवून आणायची खटपट त्यांना करावीच लागली.