कपाशीचे पान लाल का पडते?

यवतमाळ जिल्ह्याची ओळख 'पांढऱ्या सोन्या'चा जिल्हा अशी आहे. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. ही शर्करा मुळांनी जमिनीतून शोषलेली नसते. हवेतील कर्बवायू आणि पाणी यांपासून पानच ती तयार करते. त्यामुळे ऐन बोंडे भरण्याच्या काळात पऱ्हाटी लाल पडू लागली, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. 'लाल्या' ही विकृती समजून घेण्यासाठी आधी हिरव्या पानाचे काम पाहावे लागते.

पानाच्या पेशींत हरितलवके असतात आणि त्यांतील पातळ पटलांवर हरितद्रव्य असते. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील प्रामुख्याने लाल व निळा भाग शोषते. हिरवा भाग बऱ्याच अंशी परत फेकला जातो, म्हणून पान हिरवे दिसते. शोषलेल्या ऊर्जेने पाण्याच्या रेणूचे विघटन होते व प्राणवायू बाहेर पडतो. हा प्राणवायू कर्बवायूतून येतो, असा समज पूर्वी होता. १९४१ मध्ये रुबेन व कामेन यांनी केलेल्या प्रयोगांनी तो पाण्यातून येतो, हे दाखवून दिले. याच टप्प्यात प्रकाशाची ऊर्जा रासायनिक रूपात साठवली जाते. दुसऱ्या टप्प्यात ती ऊर्जा वापरून पर्णरंध्रांतून आत आलेल्या कर्बवायूपासून शर्करा बनते. या चक्राचा उलगडा केल्याबद्दल मेल्विन काल्विन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्बवायू पकडणारे रुबिस्को हे विकर मात्र काहीसे चुकार आहे. उन्हाचा कडाका वाढला आणि पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटली, की पानातील कर्बवायू घटतो व रुबिस्को त्याच्याऐवजी प्राणवायूच पकडू लागते. त्यात आधीची कमाई वाया जाते. कपाशीला हा तोटा सोसावा लागतो. तिच्याच शेतात पूर्वापार पेरली जाणारी ज्वारी तो बऱ्याच अंशी टाळते. ज्वारीच्या पानात वेगळे विकर आधी कर्बवायू पकडते आणि शिरांभोवतीच्या पेशींत पोचवते. तेथे रुबिस्कोला कर्बवायूचा भरपूर पुरवठा होतो. हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये मांडलेला हाच तो मार्ग.

आता लाल्याकडे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा १ अणू असतो आणि त्याला नत्राच्या ४ अणूंनी धरून ठेवलेले असते. बोंडे भरू लागली, की त्यांची अन्नाची मागणी एकदम वाढते. जमिनीतून पुरवठा कमी पडल्यास झाड जुन्या पानांतील नत्र व मॅग्नेशियम काढून घेते. हरितद्रव्य मोडते आणि अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य उठून दिसते. ते शर्करा बनवू शकत नाही. थंडीत रात्रीचे तापमान १५ अंशांखाली गेले, पाण्याचा ताण पडला किंवा शेतात पाणी साचून मुळे गुदमरली, तरी हाच परिणाम होतो. तुडतुड्यांनी रस शोषल्यानेही पानांच्या कडा लाल होतात. तेव्हा आधी पान उलटून पाहिलेले बरे.

पूर्ण लाल झालेले पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून पाते व बोंडे लागण्याच्या काळातच २ टक्के युरिया किंवा डीएपीची फवारणी, मॅग्नेशियम सल्फेटची मात्रा आणि साचलेल्या पाण्याचा निचरा हे उपाय सुचवले जातात. जिल्ह्यातील बहुतांश कपाशी कोरडवाहू आहे. जमिनीत ओल नसेल, तर मुळांशी दिलेले खत पिकाला मिळत नाही. अशा वेळी पानांवरील फवारणीवरच भिस्त ठेवावी लागते.