हार्ड डिस्कचा पत्ता आणि १०२४ चे कोडे

१९९९ च्या उन्हाळ्यात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आम्ही एम. एस्सी.चे दोन विद्यार्थी एका संगणकासमोर हताश होऊन बसलो होतो. काळ्या पडद्यावर दोनच रोमन अक्षरे उमटली होती, ‘एल’ आणि ‘आय’. पुढे काही नाही. बंद करून पुन्हा सुरू केला की पुन्हा तीच दोन अक्षरे.

संगणक तीन-चार वर्षांचा जुना पेंटियम होता आणि त्यात सीडी वाचण्याची सोय नव्हती. म्हणून माझ्या मित्राने नवी ४.३ गिगाबाइटची हार्ड डिस्क दुसरीकडच्या नव्या संगणकाला जोडली, तिच्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, ती तेथे सुरू होते याची खात्री केली, आणि डिस्क टॉवेलात गुंडाळून स्कूटरवरून आणली. आमच्या यंत्रात ती घातली आणि हे असे झाले. निदान लगेच झाले: डिस्क वाटेत आपटली. तिची किंमत पाच हजारांच्या वर होती. मेसचे पैसे कसेबसे भरणाऱ्या त्या मुलाला ती रक्कम हप्त्याने भरण्यास सांगण्यात आले. हे ठरत असताना मीही मान डोलावली होती.

डिस्क आपटली नव्हती. तिचा पत्ता चुकत होता. तो का चुकत होता हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. चकतीवरची माहिती एककेंद्री वर्तुळांवर लिहिली जाते. एकाखाली एक असलेल्या चकत्यांवरची समान त्रिज्येची वर्तुळे एकत्र घेतली की कल्पनेत एक दंडगोल होतो, त्याला म्हणतात सिलिंडर. चकतीच्या प्रत्येक बाजूला वाचणारा-लिहिणारा एक हेड असतो. वर्तुळाचे तुकडे म्हणजे सेक्टर, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. सिलिंडर, हेड, सेक्टर असे तीन आकडे दिले की जागा निश्चित होते. सिडकोतला पत्ता एन-५, अमुक गल्ली, तमुक घर असा सांगतात, तसेच हे.

१९८३ साली आयबीएमने ‘पीसी एक्सटी’ हा हार्ड डिस्कसह येणारा संगणक काढला. त्याच्या १० मेगाबाइटच्या डिस्कमध्ये ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि प्रत्येक वर्तुळावर १७ सेक्टर होते. गुणाकार करून पाहा: ३०६ × ४ × १७ × ५१२ = १,०६,५३,६९६ बाइट. डिस्कशी बोलण्याचे काम संगणकातल्या बायॉस या कायमस्वरूपी प्रोग्रॅमकडे होते. त्याने पत्त्यासाठी २४ बिट राखले: सिलिंडरला १०, हेडला ८, सेक्टरला ६. दहा बिटांत १०२४ सिलिंडर मोजता येतात. ज्यांच्या हातातल्या डिस्कला ३०६ सिलिंडर होते त्यांना १०२४ हा आकडा ऐसपैस वाटला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. अंकांची संख्या ठरवून दिली की असे होणारच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोडची पद्धत आखताना श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा अंक घेतले. ते आजही पुरतात, कारण टपाल कार्यालये दर दोन वर्षांनी दुप्पट होत नाहीत!

१९८६ च्या सुमारास डिस्कचा नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर, वेगळ्या कार्डावरून खुद्द डिस्कवर आला. ही ‘आयडीई’ पद्धत. तिचे प्रमाण पुढे १९९४ मध्ये ‘एटीए’ या नावाने ठरले. हिच्यात पत्त्याला २८ बिट होते, पण त्यांची वाटणी निराळी: सिलिंडरला १६, हेडला ४, सेक्टरला ८.

येथे विद्यार्थ्यांना पाटीवर गणित करायला द्यावे. एकट्या बायॉसच्या पद्धतीने सुमारे ८.४ गिगाबाइटपर्यंत पोचता येते. एकट्या एटीएने सुमारे १३७ पर्यंत. पण पत्ता दोन्ही दारांतून जायचा असेल, तर प्रत्येक रकान्यात जो लहान तोच चालतो: सिलिंडर १०, हेड ४, सेक्टर ६. उरले वीस बिट. सेक्टरची मोजणी शून्याऐवजी एकपासून होते म्हणून ६४ ऐवजी ६३. आता १०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट. १९९३-९४ च्या सुमारास ज्यांनी याहून मोठी डिस्क घेतली त्यांना संगणक बरोबर एवढीच दाखवी, आणि ते दुकानदाराशी भांडत. दोन्ही रचना आपापल्या जागी बऱ्या होत्या, त्यांच्या जोडीने मात्र अर्ध्या गिगाबाइटवर भिंत उभी केली.

यावर निघालेला उपाय हुशारीचा होता आणि थोडा लबाडीचाही. बायॉसने खोटे आकडे सांगायला सुरुवात केली. सिलिंडर निम्मे करायचे आणि हेड दुप्पट, की गुणाकार तोच राहतो. २०४८ सिलिंडर आणि १६ हेड असतील तर १०२४ आणि ३२ सांगायचे. अशाने पुष्कळ डिस्कना चक्क २५५ हेड असल्याचे बायॉस सांगू लागला. तळहाताएवढ्या डिस्कमध्ये एवढे हेड कोठून येणार? पण त्याहीआधी डिस्कने स्वतः सांगितलेले आकडे तरी कोठे खरे होते! बाहेरच्या मोठ्या वर्तुळांवर अधिक सेक्टर लिहिण्याची पद्धत रूढ झाल्यापासून खऱ्या भूमितीचा या तीन आकड्यांशी संबंध तुटलाच होता. गोची अशी की कोणता बायॉस कोणते खोटे सांगतो यावर एकवाक्यता नव्हती. त्याच्या सेटअपमध्ये ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ असे पर्याय असत, आणि प्रत्येकाचे आकडे वेगळे.

आता आमच्या ‘एल’ आणि ‘आय’कडे येऊ. तेव्हा लिनक्स सुरू करून देणारा ‘लिलो’ नावाचा छोटा प्रोग्रॅम असे. तो आपल्या नावाची चार अक्षरे टप्प्याटप्प्याने छापतो, आणि कोणत्या अक्षरावर थांबला यावरून बिघाड कळतो. त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. भूमिती कोणतीही माना, पहिला सेक्टर तो पहिलाच. म्हणून ‘एल’ उमटला. या तुकड्याने दुसऱ्या तुकड्याचा पत्ता तीन आकड्यांत लिहून ठेवलेला असतो. समजा तो सिलिंडर ५, हेड ३, सेक्टर १० आहे. नव्या संगणकाच्या मते एका सिलिंडरमध्ये २५५ हेड, म्हणून शून्यापासून मोजल्यास हा सेक्टर (५ × २५५ + ३) × ६३ + ९ = ८०,५२३ क्रमांकाचा. आमच्या जुन्या संगणकाच्या सेटअपमध्ये ‘नॉर्मल’ होते, म्हणजे १६ हेड. त्याच्या हिशेबाने (५ × १६ + ३) × ६३ + ९ = ५,२३८. त्याने निमूटपणे ५,२३८ वा सेक्टर उचलला, ‘आय’ छापले, आणि तेथे जे काही पडले होते ते आज्ञा समजून पाळू लागला. यंत्र गप्प झाले ते तेथे.

हे आम्हाला आपोआप सुचले नाही. आधी केबल बदलली. मग डिस्कच्या मागचा जंपर पाहिला. एका केबलवर दोन डिस्क असतील तर एक ‘मास्टर’ आणि दुसरी ‘स्लेव्ह’ अशी खूण त्या इवल्याशा प्लास्टिकच्या टोपीने करावी लागे, आणि दोन्ही मास्टर झाल्या की कधी एक दिसे, कधी एकही नाही. ते सर्व ठीक होते. अखेर लिनक्सच्या त्याच सीडीवरची लिलोची माहितीपुस्तिका मित्राने छापून घेतली आणि रात्री वाचली. ‘एल’, ‘आय’वर अडकण्याची दोन कारणे तिच्यात दिली होती. त्यांतले एक, भूमितीचा मेळ न बसणे. सकाळी त्याने सेटअपमध्ये ‘नॉर्मल’चे ‘एलबीए’ केले. एकही स्क्रू न काढता चारही अक्षरे उमटली. हप्त्यांचा विषय पुन्हा निघाला नाही, पण कोणी त्याची क्षमाही मागितली नाही. मी मागितली, बऱ्याच उशिरा.

जुन्या यंत्रात नवी डिस्क हा प्रकार आपल्या शाळांना नवा नाही. देणगीत मिळणारा संगणक बहुधा कोणीतरी टाकून दिलेला असतो. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत गोव्यातल्या शाळांसाठी परदेशातून वापरलेले संगणक आणून त्यांवर लिनक्स चालवण्याचा प्रकल्प झाला. अशा जागी एक युक्ती उपयोगी पडे: डिस्क एकाच मुख्य संगणकात ठेवायची आणि बाकीचे संगणक जाळ्यावरून, डिस्कशिवाय सुरू करायचे.

भिंती पुढेही येत राहिल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यात बायॉसला तीन आकड्यांऐवजी सेक्टरचा सरळ अनुक्रमांक देण्याची सोय झाली आणि ८.४ ची अडचण गेली. एटीएच्या २८ बिटांची १३७ गिगाबाइटची मर्यादा पुढे ४८ बिट करून ओलांडली गेली. २००१ सालचे मूळ विंडोज एक्सपी तिच्यापाशी अडे, २००२ च्या सुधारित आवृत्तीने ते सुटले. त्याच एक्सपीला साटा डिस्कचा ‘एएचसीआय’ कंट्रोलर ओळखता येत नसे. बसवताना ‘एफ ६’ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, नाहीतर निळा पडदा. अलीकडच्या काही लॅपटॉपमध्ये विंडोज बसवताना डिस्कची यादी कोरी दिसते. तेथेही डिस्क जागेवर असते. इंटेलची ‘व्हीएमडी’ ही व्यवस्था मध्ये उभी असते आणि तिचा ड्रायव्हर बसवणाऱ्या प्रोग्रॅमजवळ नसतो.

शाळेतल्या संगणकात नवी डिस्क बसवली आणि ती कमी भरली, तर दुकानात नेण्याआधी पडद्यावरचा आकडा वहीत लिहून घ्यावा. तो ५२८ मेगाबाइट, किंवा ८.४, ३३.८, १३७ गिगाबाइट, किंवा २.२ टेराबाइटच्या जवळ असेल, तर आधी मदरबोर्डाचे वय, बायॉसचे सेटअप आणि डिस्कचे विभाजन पाहावे. ५२८ च्या जागी ५०४ दिसले तरी गोंधळू नये. काही प्रोग्रॅम हजाराने भागतात, काही १०२४ ने.